रविवारी तिचा पाट लावते

स्टूल दोन तऱ्हांनी मोडतं. कोणी जड माणूस पंखा पुसायला चढला तर सांधा सुटतो. पाय निखळून बाजूला पडतो, पण लाकूड शाबूत असतं. आणि तेच स्टूल उचलून कोणाच्या पाठीत हाणलं, तर पाय मधोमध उभा चिरतो आणि बैठकीचा एक कोपरा आत दबतो. हे मला कोणी शिकवलं नाही. हातातून इतकी स्टुलं गेली की कळायला लागलं.

त्यामुळे तळमजल्यावरची ती पोरगी पहिल्यांदा स्टूल घेऊन माझ्या दारात आली आणि म्हणाली की मावशी, माळ्यावरचे गहू काढताना माझ्या वजनाने मोडलं, तेव्हा मी आधी स्टुलाकडे बघितलं, मग तिच्याकडे. वजन म्हणावं असं तिच्यात काही नव्हतंच. पाय उभा चिरलेला. मी काही विचारलं नाही. ठेव, परवा ने, एवढंच म्हटलं. चिरेत डिंक भरला, सुतळीने आवळून ठेवलं, वाळल्यावर घासलं, वर पिवळा ऑइल पेंट मारला आणि बैठकीवर जांभळ्या फुलांचा कागद लावून दिला. इतकं गोड दिसायला लागलं ते, की ती हसली. ओठ मिटूनच हसली. नंतर कळलं, पुढचा दात हलत होता.

तेच स्टूल माझ्याकडे तीनदा आलं. तिसऱ्या वेळी मी त्या पायाला आतून लोखंडी पट्टी ठोकली, म्हटलं आता मोडून दाखव. माझी अक्कल बघा. मारणाऱ्याच्या हातातली वस्तू मी जास्त भक्कम करून दिली, आणि वर फुलं चिकटवली.

आमची सोसायटी बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्काच्या भिंतीच्या अंगाला आहे. तीन मजली, जुनी. मी दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते. आमचे हे आधी गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर वॉचमन झाले, आणि एके दिवशी ड्यूटीवरून आले ते चहा न पिताच गेले. मुलगी लग्न होऊन बदलापूरला. शिक्षण माझं चौथी. बाकीचं वाचन वाण्याच्या पुड्यांवर आणि इकडेतिकडे झालं.

फर्निचरचं वेड मला उशिरा लागलं. आजूबाजूच्या बिल्डिंगी पाडायला निघाल्या तसे लोक कपाटं, तिपाया, पाट, सगळं जिन्याखाली आणून टाकायला लागले. नव्या फ्लॅटमध्ये जुनं नको. एकदा भंगारवाला आमच्या गेटपाशी बसून एक शिसवी तिपाई फोडत होता, नुसत्या पितळी खिळ्यांसाठी. मला बघवेना. मी ती त्याच्या हातातून ओढून घेतली, तो शिव्या देत राहिला, आणि मी ती डोक्यावर घेऊन दोन जिने चढले. तिथून सुरुवात. रंगाऱ्यांच्या मागे उभी राहून बघितलं, मोबाइलवर बघितलं, चुकतमाकत शिकले.

लोक म्हणतात, आजी, किती शांत छंद हो तुमचा. शांत कसला? नवा रंग चढवायचा तर आधी जुना ओरबाडून काढावा लागतो. लोखंडी पट्टीने खरवडायचं, पोपडे नखात शिरतात, रक्त येतं. गंजका खिळा उपसताना लाकूड किंचाळतं, खरंच सांगते, अंगावर काटा येतो. ढिला सांधा आधी हातोडीने पूर्ण खिळखिळा करावा लागतो, मगच नीट बसतो. आणि हे सगळं करताना मला बरं वाटायचं. माझे वडील मला गुरांच्या काठीने मारायचे. उलट मारायची कधी सोय नव्हती. साठी उलटल्यावर हातात हातोडी आली आणि कळलं, की माझ्या अंगात केवढा राग भरून ठेवलाय. लाकडावर निघतोय तर निघू दे, असं मी म्हणायचे.

आता खळीचं सांगते, कारण ते माहीत असायला हवं. कागद लावायला मी तयार गोंद वापरत नाही, मैद्याची खळ शिजवते. पाण्यात मैदा कालवायचा, झुरळांनी कागद खाऊ नये म्हणून चिमूटभर मोरचूद टाकायचं, आणि घोटत राहायचं. शिजली की ती काचेसारखी दिसते आणि तिच्यात सावकाश, जाडे बुडबुडे फुटतात. एखादा थेंब हातावर उडाला तर पाण्यासारखा ओघळून जात नाही. चिकटून बसतो आणि भाजत राहतो. माझ्या मनगटावर असे सात-आठ डाग आहेत.

तर त्या पोरीचा नवरा काविळीने गेला. दारूची कावीळ. तेव्हा ती तिशीची असेल. बाराव्यानंतर ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, मला शिकवा. मी म्हटलं चल. महिन्याभरात ती माझ्यापेक्षा चांगला कागद लावायला लागली. फुलाला फूल जुळवायची, जोड कुठे आहे ते बोट फिरवूनसुद्धा कळायचं नाही. मला जिने झेपेनात, म्हणून सगळं सामान आम्ही तिच्या खोलीत आणलं. तळमजला, समोर ओटा, रंग वाळायला ऊन. तिथेच ती राहायची, तिथेच आम्ही काम करायचो. ती खोली गेली तर तिचं घर जाणार होतं आणि पोटही.

आणि ती खोली तिच्या मोठ्या दिराला हवी होती. सासऱ्याने गिरणीच्या पैशातून घेतलेली, पुढे धाकट्या मुलाच्या आणि सुनेच्या नावावर केलेली. मोठा दहिसरला राहायचा, आई त्याच्याकडे. आमचीही बिल्डिंग पाडून टॉवर होणार असं बोलणं सुरू झालं, तशा त्याच्या फेऱ्या वाढल्या. खोली बापाची आहे, तू कुडाळला माहेरी जा, असं तो सांगायचा. ती नाही म्हणायची. तो दोन कानाखाली वाजवून जायचा. एकदा त्याने तिची सगळी भांडी ओट्यावरून खाली फेकली. एकदा गादी नळाखाली धरली, पावसाळ्यात, आठ दिवस वाळली नाही. बिल्डिंगीतले खिडक्या लावून घ्यायचे. मी खाली येऊन त्याला बोलायचे. तो माझ्याकडे बघायचाही नाही. म्हातारी बडबडते, असं.

मी तिला म्हणायचे, बाय, चौकीत जाऊन लिहून दे. ती म्हणायची, मावशी, मी लिहून दिलं की तो दुसऱ्या दिवशी येणार, आणि चौकीवाले काय माझ्या ओट्यावर झोपणारेत?

त्या वर्षी गणपतीच्या तोंडावर आमच्याकडे पाटच पाट आले. घरोघर गणपती बसायचे, तेव्हा पाट नवा दिसायला हवा. ओट्यावर नुसते पाट वाळत घातलेले. तिच्या माळ्यावर तिच्या लग्नातले दोन पाट होते, नवरानवरीचे. नवऱ्याचा तिने आधीच लावून घेतला होता, त्यावर सासूने आपल्या देव्हाऱ्यातून दिलेला देवाचा फोटो ठेवायचा होता. तिचा तसाच पडला होता, कोपरा उडालेला. मी तिच्या मागे लागले, की लोकांचे पाट लावतेस आणि स्वतःचा भुतासारखा ठेवतेस. मी रविवारी लावते तुझा. माझ्याकडे हिरवा कागद होता, सोनेरी बुट्ट्यांचा, एका लग्नाच्या डेकोरेशनमधून उरलेला.

आता हे बघा, ‘लावणं’ हा आमचा कामातला शब्द होऊन गेला होता. कागद लावला असं म्हणायला वेळ कोणाला? कपाट लावलं, तिपाई लावली, खुर्ची लावायची राहिली. दिवसभर तेच.

शुक्रवारी तिच्या सासूचा फोन आला, माझ्या मोबाइलवर. म्हातारी ऐकायला कमी. आमची सून फोन कित्याक उचलणा नाय, असं विचारत होती. मी ओरडून सांगितलं, की ती हात रंगात घालून बसलीय, आम्ही घाईत आहोत.

"रविवारी तिचा पाट लावते," मी म्हटलं. "हिरव्यात. घरच्या घरी उरकते. कोणाला सांगू नका हां, नाहीतर सगळे मागे लागतील."

मागे लागतील म्हणजे बिल्डिंगीतल्या बाया, आमचाही लावून द्या म्हणून. म्हातारी पलीकडून काहीच बोलली नाही. मला वाटलं रेंज गेली. मी फोन ठेवला.

तुमच्यातल्या जुन्या माणसांच्या ध्यानात आलं असेल. आमच्या तिकडे बाईचं पहिलं होतं ते लग्न. नवरा मेल्यावर दुसरं होतं, त्याला पाट म्हणतात. विधवेचा पाट लावला म्हणजे तिचं दुसरं लग्न लावून दिलं. तेही असंच, घरच्या घरी, गाजावाजा न करता. आणि हिरवं म्हणजे सवाष्णीचं. हे सगळं मला लहानपणापासून माहीत. माझ्या सख्ख्या आतेचा पाट लागला होता, मी तिथे भात वाढला होता. तरी फोनवर बोलताना माझ्या डोक्यात फक्त लाकूड आणि कागद होता.

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला मी तिच्या गॅसपाशी खळ घोटत उभी होते. ती दारासमोर खाली बसून तिच्या पाटाला हिरवा कागद बसवून बघत होती. शेजारी नवऱ्याचा पाट, लावलेला. तेवढ्यात दीर आला. चप्पल घालूनच आत आला.

त्याने विचारलं, कुठाय तो. कोण, असं तिने विचारलं. तो आत शिरला. मोरीचं दार लाथेने उघडलं, पडदा ओढला तो दांडीसकट खाली आला, पलंगाखाली वाकून बघितलं. मला वाटलं चोराच्या मागे आलाय. मग त्याची नजर त्या दोन पाटांवर पडली. शेजारी शेजारी मांडलेले, एक हिरवा.

"मेल्याला तीन वर्षं नाही झाली," तो म्हणाला, "आणि पाट मांडून बसलीस? माझ्या बापाच्या खोलीत दुसरा आणतेस?"

ती म्हणाली, भावजी, कागद लावतोय हो. पण तो ऐकायला आला नव्हता. माझी हातोडी तिथेच पडली होती, ती त्याने उचलली. पहिला घाव तिच्या पाटावर. दोन तुकडे. दुसरा दुसऱ्या पाटावर, सख्ख्या भावाच्या. मग भिंतीला टेकवलेलं एक कपाट होतं, आरशाचं, एका बाईंना संध्याकाळी द्यायचं होतं. त्याचा आरसा फुटून सगळीकडे काचा झाल्या. रंगाचे डबे लाथेने उडवले. निळा रंग तिच्या साडीवर, भिंतीवर, माझ्या पायावर. तो फोडत होता आणि मोजून एकेक वस्तू निवडत होता, हे मला आजही दिसतं. पाट फोडून झाल्यावर, जे काम पूर्ण झालंय ते आधी.

मी ओरडत होते, अरे बाबा, कागद, कागद लावतोय आम्ही. बाहेर खिडक्या लागल्याचे आवाज आले.

मग त्याने तिचे केस मुठीत धरले. तिला काचांवरून ओढत दाराकडे नेलं. निघ, म्हणत होता, निघ. तिने उंबऱ्याला धरलं. दोन्ही हातांनी धरून पडून राहिली. तो ओढतोय आणि ती सोडत नाही. आवाजसुद्धा करत नव्हती. त्याने एकदा लाथ घातली कमरेत, तरी सोडला नाही. तेव्हा त्याने वाकून तिच्या उजव्या हातावर हातोडी मारली. बोटांवर.

तो आवाज मी कोणाला सांगितलेला नाही, आताही सांगत नाही. त्याने हातोडी परत वर नेली.

मी भांडं उचललं आणि त्याच्या अंगावर खळ फेकली.

कोणी म्हणेल घाबरून हात हलला असेल. नाही. मी दोन पावलं पुढे गेले. तो वाकला होता, तर मान दिसत होती. मी मानेवर नेम धरला. मानेवर, खांद्यावर, उजव्या दंडावर पडली. तो आधी ओरडलाच नाही, नुसता सरळ झाला. मग पुसायला लागला. खळ पुसली जात नाही. तो हाताने ओढतोय, हाताला चिकटतेय, तिच्याबरोबर कातडी येतेय. तेव्हा तो जो ओरडला, त्या आवाजाने बंद झालेल्या सगळ्या खिडक्या उघडल्या.

पुढचं मला लिहायलाच हवं, नाहीतर आधीचं लिहून उपयोग नाही. भांड्यात अजून थोडी उरली होती. तो गुडघ्यावर बसला होता, हातोडी कधीच सुटली होती. आणि मला तीही त्याच्यावर ओतायची होती. तोंडावर. मी भांडं कलतं केलं होतं.

तेव्हा ती उठली. उजवा हात तसाच लोंबत होता. डाव्या हाताने तिने मोरीतली भरलेली बादली ओढत आणली, आणि त्याच्या अंगावर पाणी ओतायला लागली, तांब्याने, सावकाश. माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशी, खाली ठेवा ते."

मी ठेवलं.

दोघांनाही एकाच रिक्षाने दवाखान्यात नेलं लोकांनी. दुसरी मिळेना. मी मागून गेले. त्याला भाजलेल्यांच्या वॉर्डात टाकलं, तिच्या बोटांचे फोटो काढले, तीन मोडली होती. बाहेरच्या बाकावर मी बसले होते, पायावर निळा रंग वाळलेला. तिथे त्याची आई आली, पदराने तोंड दाबून. माझ्यासमोर उभी राहिली. मला वाटलं मारेल. ती नुसती म्हणाली:

"तूच सांगलंस मां गो माका. रविवारी पाट लावतंय, हिरव्यात, कोणाक सांगू नको म्हणान. माका रडूक इला, म्हणान मी त्याका सांगलंय."

मला क्षणभर कळेचना. आणि मग कळलं. मी हसायला लागले. दवाखान्यात, सगळ्यांसमोर, पोट धरून. नर्स येऊन दटावून गेली. हसू बऱ्याच वेळाने थांबलं. मी म्हातारीला सांगितलं, अगो, लाकडाचो पाट. कागद लावूचो होतो. ती माझ्या शेजारी बसली.

तेव्हापासून लोक मला हेच सांगतात, की शब्दाने घात केला. मला नाही पटत. त्याने आधी तिची भांडी फेकली, गादी भिजवली, तेव्हा कुठला शब्द होता? तो कधीतरी येणारच होता. मी फक्त त्याला दिवस ठरवून दिला.

चौथ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी माझ्या घरी आले. चहा घेतला, मग मुद्द्यावर आले. दिराने पोलिसांना सांगितलं होतं की खळ अंगावर सांडली. चाळिशीच्या माणसाला एका म्हातारीने भाजलं, आणि आपण गैरसमजातून धावून गेलो, हे सांगायची त्याला लाज वाटत असणार. पण निरोप असा होता, की तिने त्याच्याविरुद्ध काही लिहून दिलं, तर तोही खरं ते सांगेल. मग मावशी, तुमचं या वयात काय होईल? विचार करा. ती बोटं पडल्याने मोडली म्हणू दे. दोन्हीकडून मिटलं. सेक्रेटरी वाईट माणूस नाहीत. त्यांना खरंच वाटत होतं की ते माझं भलं करतायत.

मिटलं म्हणजे काय, ते मला कळत होतं. तो बरा होऊन परत येणार. आणि तिच्याकडे दाखवायला कागदाचा तुकडा नसणार. खोली सोडून जायला तिला आणखी एक हातोडी पुरली असती.

संध्याकाळी ती वर आली. प्लास्टर गळ्यात अडकवलेलं. दारातच उभी राहिली, आत आली नाही. तिला सगळं कळलेलं होतं. म्हणाली, मावशी, तुम्ही म्हणाल तसं करते. तुम्हाला आत जावं लागणार असेल तर मी पडलेच म्हणून सांगते. मला सवय आहे तसं सांगायची.

सवय आहे. त्या सवयीला मी किती मदत केली होती, ते आठवलं. तीनदा तिने सांगितलं माझ्या वजनाने मोडलं, आणि तीनदा मी चीर बुजवून, घासून, वर रंग मारून दिला होता. कोणाला दिसू नये इतकं सफाईदार.

मला भीती वाटत होती, हे कबूल करते. या वयात चौकी, कोर्ट, जावई काय म्हणेल, मुलीला सासरी काय ऐकावं लागेल. मी तिला म्हटलं, उद्या सकाळी बघू, आता जेव. तिला भात कालवून दिला, तिला डाव्या हाताने खाता येईना. मी भरवला. ती गेल्यावर मला राहून राहून ते दिसत होतं, भांडं कलतं केलेला माझा हात. तो सांडण्याचा हात नव्हता. मी ‘सांडली’ म्हटलं असतं, तर माझ्यात आणि ‘पडले’ म्हणणाऱ्या तिच्यात फरक काय राहिला? आणि त्याच्यात आणि माझ्यात तर फार थोडाच होता, तो मला त्या दिवशी दिसला होता.

सकाळी आम्ही दोघी चौकीत गेलो. टेबलामागे एक तरुण बाई होत्या, पोलीस. त्यांनी आमच्याकडे बघितलं, प्लास्टरकडे बघितलं, खुर्ची दिली. त्या खुर्चीचा एक पाय डगमगत होता, मला राहवेना, मी खाली वाकून बघितलं. बाई म्हणाल्या, आजी, काही पडलं का?

मी म्हटलं, "नाही. आधी माझं लिहा."

मी सगळं सांगितलं. फोनवर काय बोलले तेही. त्यांना पाटाचा अर्थ समजावून सांगावा लागला, त्या शहरात वाढलेल्या होत्या. लिहिता लिहिता त्यांनी मान वर केली. त्यांच्याकडे दवाखान्याचा कागद होता, त्यावर सांडल्याचं लिहिलं होतं. त्यांनी मला पुन्हा विचारलं, जरा थांबून, जशी काही वाट करून देत होत्या.

"आजी, नीट आठवा. सांडली, की फेकली?"

"फेकली," मी म्हटलं. "नेम धरून."

त्यांनी लिहिलं. मग त्या तिच्याकडे वळल्या. मला वाटलं होतं ती रडेल, अडखळेल. तिने लग्नाच्या पहिल्या वर्षापासून सुरुवात केली. दात, पाठ, स्टूल, तीन वेळा. मेलेल्या नवऱ्याचं कशाला, असं बाई म्हणाल्या. ती म्हणाली, एकाच घरातलं आहे, एकत्रच लिहा. दोन तास लागले. मला पुष्कळ गोष्टी तेव्हाच पहिल्यांदा कळल्या, आणि मी दोन मजले वर राहत होते.

त्याला आता तीन वर्षं झाली. दोन केसेस चालू आहेत, एक त्याच्यावर, एक माझ्यावर. मला लगेच जामीन मिळाला, वय बघून. तारखेला आम्ही तिघं त्याच कॉरिडॉरमध्ये बसतो. तो उन्हाळ्यातसुद्धा कॉलर वर करून बसतो, तरी मान दिसते. कातडी ताणलेली, गुळगुळीत. मी दर वेळी बघते. नजर चुकवत नाही, कारण ते माझं काम आहे. वकील मला म्हणतात, कोर्टात पश्चात्ताप झाला म्हणा. तिला वाचवल्याचा नाही होत मला. उरलेली खळ ओतायची होती, त्याचा होतो. त्याला मात्र कुठलं कलम लागत नाही.

कोर्टाने त्याला तिच्या खोलीत पाऊल टाकायला मनाई केली. त्याने एकदा गेटपर्यंत येऊन बघितलं. या खेपेला तीन खिडक्या उघडल्या आणि खाली बघत राहिल्या. तो परत गेला.

गेल्या महिन्यात बिल्डिंगच्या करारावर सह्या झाल्या. सोसायटीच्या ऑफिसात रांग होती. तिचा नंबर आला तेव्हा बिल्डरच्या माणसाने सवयीने विचारलं, मिस्टर आलेत का, किंवा घरातलं कोणी मोठं. ती म्हणाली, खोली माझी आहे. त्याने कागद पुढे केले. दोन बोटं तिची आता वाकत नाहीत, तेव्हा पेन मुठीत धरावं लागतं, लहान मुलं धरतात तसं. बारा पानं होती, प्रत्येक पानावर सही. मागचे लोक चुळबुळ करायला लागले. कोणीतरी म्हणालं, अंगठा दे ना, लवकर होईल. तिने मान वर केली नाही. बाराच्या बारा पानांवर तिने आपलं पूर्ण नाव लिहिलं, वेलांटीसकट.